ब्राउझरमधील मराठी टंकलेखन : ‘देवळाली’तील ‘ळ’ कसा टिकवावा?

देवळाली प्रवरा (ता. राहुरी) : अहिल्यानगर जिल्ह्यातील देवळाली प्रवरा या नगरपरिषदेच्या गावाचे नाव इंग्रजीत लिहिताना ‘डी-ई-ओ-एल-ए-एल-आय’ असे स्पेलिंग रूढ आहे. त्यात ‘व’ नाही. ‘ळ’ हे अक्षर तर इंग्रजीत मुळातच नाही. हेच स्पेलिंग संगणकाच्या हवाली करून त्यावरून मराठी उमटवू पाहिले, तर ‘देओलाली’ किंवा ‘देवलाली’ अशी रूपे समोर येऊ शकतात. नाशिकजवळच्या देवळालीचीही हीच अडचण. वाचणारा माणूस अशी चूक मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. संगणक मात्र तसे करीत नाही. अनेक शासकीय अर्जांत नाव, गाव व पत्ता इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही चौकटींत भरावा लागतो. तेथे उमटलेले चुकीचे अक्षर पुढे दाखल्यावर आणि दप्तरातही तसेच उतरते. म्हणूनच ब्राउझरमध्ये मराठी लिहिण्यासाठी ॲड-ऑन बसविताना त्याची जुळणी समजून घेणे अगत्याचे ठरते.

दोन अक्षरे, दोन क्रमांक

संगणक अक्षरे ओळखतो ती क्रमांकांनी. १९९१ मध्ये युनिकोड या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ती आली. त्यातील देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत. ‘ल’चा क्रमांक ०९३२, तर ‘ळ’चा ०९३३. दोघे शेजारी असले, तरी संगणकाच्या लेखी ही दोन निरनिराळी अक्षरे होत. परिणामी ‘देवलाली’ अशी झालेली नोंद ‘देवळाली’ या साध्या शोधात सापडत नाही. काही शोधयंत्रे जवळचे शब्द सुचवितात. पण प्रत्येक कार्यालयाच्या नोंदसंचात अशी सोय असेलच असे नाही.

युनिकोडपूर्वीच्या छपाईच्या फॉन्टमध्ये तर पडद्यावर मराठी दिसे. पण आत साठविलेले असत रोमन अक्षरांचे क्रमांक. त्यामुळे तो मजकूर अन्यत्र नेला की निरर्थक चिन्हांची रांग उमटे. ॲड-ऑन निवडताना ते युनिकोड मजकूरच तयार करते, याची खात्री प्रथम करावी.

ॲड-ऑन नेमके काय करते?

टंकलेखनाचे ॲड-ऑन कळ दाबल्याची सूचना मधल्यामध्ये टिपते आणि चौकटीत रोमन अक्षराऐवजी अपेक्षित अक्षर ठेवते. ही गरज केवळ भारतीय भाषांची नाही. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. मात्र तीत सात जादा अक्षरे आणि स्वराघाताच्या पाच खुणा आहेत. त्यांसाठी टेलेक्स, व्हीएनआय व व्हीआयक्यूआर अशा तीन पद्धती प्रचलित आहेत. टेलेक्समध्ये ‘डी’ दोनदा दाबल्यास आडवी रेघ असलेले अक्षर उमटते. व्हीएनआयमध्ये खुणांसाठी आकडे, तर व्हीआयक्यूआरमध्ये विरामचिन्हे वापरतात. एव्हीआयएम या फायरफॉक्ससाठीच्या व्हिएतनामी ॲड-ऑनमध्ये पद्धत निवडण्याची आणि ई-मेलसारख्या चौकटी वगळण्याची सोय देण्यात आली. मराठीच्या जुळणीतही कळीचे प्रश्न हेच आहेत : पद्धत कोणती, आणि ती कोठे लागू करावयाची?

पद्धत निवडताना

मराठीसाठी ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिला, नियमांवर चालणारे लिप्यंतर. यात प्रत्येक रोमन कळीचे अक्षर ठरलेले असते. बहुतेक पद्धतींत लहान ‘एल’ने ‘ल’ आणि शिफ्ट धरून दाबलेल्या मोठ्या ‘एल’ने ‘ळ’ उमटतो. ‘देवळाली’साठी साधारणपणे डी, ई, व्ही, ए, मोठा एल, ए, ए, एल, ई, ई असा क्रम लागतो. नियम एकदा अंगवळणी पडले की अक्षर बदलत नाही.

दुसरा, अंदाजावर चालणारे लिप्यंतर. वापरकर्ता मनाला येईल ते स्पेलिंग लिहितो आणि प्रणाली संभाव्य शब्दांची यादी पुढे करते. नवख्याला हा मार्ग सोपा वाटतो. पण यादीतील पहिला शब्द आपोआप स्वीकारला जाण्याचा धोका असतो. गावांची नावे व आडनावे यांत चुका होतात त्या बहुधा येथेच.

तिसरा, इन्स्क्रिप्ट. १९८० च्या दशकात भारतीय भाषांसाठी प्रमाणित झालेल्या या कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘देवळाली’ येथे सात कळांत होते : ओ, एस, बी, शिफ्टसह एन, ई, एन, आर. ‘प्रवरा’साठी एच, डी, जे, बी, जे, ई. सुरुवातीला सराव करावा लागतो. मात्र स्पेलिंगचा संबंधच उरत नाही. रोज मराठी लिहिणाऱ्यांना हाच मार्ग अधिक खात्रीचा.

जुळणीचा क्रम

ॲड-ऑन ब्राउझरच्या अधिकृत दालनातूनच घ्यावे आणि त्याची शेवटची सुधारणा कधी झाली ते पाहावे. त्यानंतर पर्यायांच्या पानावर जाऊन भाषा ‘मराठी’ निवडावी. केवळ लिपी सारखी म्हणून ‘हिंदी’वर समाधान मानू नये. लेखनपद्धत ठरवावी. चालू-बंद करण्याची कळजोडी लक्षात ठेवावी व ती ब्राउझरच्या अन्य कळजोडीशी आदळत नाही ना, हे तपासावे. ई-मेल, संकेतस्थळाचा पत्ता आणि पासवर्ड यांच्या चौकटींत ॲड-ऑन बंद राहील अशी व्यवस्था करावी.

यानंतर चाचणी घ्यावी. ‘देवळाली प्रवरा’, ‘राहुरी फॅक्टरी’, ‘शेतकऱ्यांचा’, ‘सूर्य’, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘ॲड-ऑन’ एवढे शब्द पुरेसे आहेत. ‘शेतकऱ्यांचा’मधील ‘ऱ्य’ आणि ‘सूर्य’मधील ‘र्य’ वेगळे उमटले पाहिजेत. पहिल्यासाठी युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र ‘ऱ’ आहे. परंतु साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही तसेच रूप दिसते. डोळ्यांना दोन्ही सारखी, साध्या शोधाला मात्र निराळी. स्वतंत्र ‘ऱ’ वापरणारी पद्धत निवडणे इष्ट.

‘ॲ’ची कथाही तशीच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली आणि राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत त्याला स्थान मिळाले. जुन्या साधनांत ‘अ’वर अर्धचंद्र देऊन तेच रूप साधले जाई. जुने लिखाण शोधताना दोन्ही रूपे देऊन पाहावीत.

मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ दिसत नसतील, तर दोष टंकलेखनाचा नसतो. तो आकार फॉन्ट ठरवितो. साठविलेले अक्षर बरोबरच असते.

सुरक्षेचा प्रश्न

टंकलेखनाचे ॲड-ऑन बसविताना ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी मागितली जाऊ शकते. कळा टिपल्याशिवाय त्याचे काम होत नाही, हे खरे. परंतु याचा अर्थ दाबलेली प्रत्येक कळ त्याला दिसू शकते, असाही होतो. क्रोममध्ये २०१८ पासून ही परवानगी ठरावीक संकेतस्थळांपुरती किंवा क्लिक केल्यावरच लागू करता येते. बँकेचे व्यवहार करताना ॲड-ऑन बंदच ठेवावे. अंदाजावर चालणारी काही साधने लिहिलेली अक्षरे दूरच्या संगणकाकडे पाठवितात. नियमांवर चालणाऱ्या साधनांना त्याची गरज नसते.

ॲड-ऑन बंद पडले तर?

नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या रचनेची ॲड-ऑन स्वीकारणे थांबविले. क्रोमनेही २०२४-२५ मध्ये जुन्या रचनेची ॲड-ऑन टप्प्याटप्प्याने बंद केली. ज्यांच्या कर्त्यांनी सुधारित आवृत्ती काढली नाही, ती एका रात्रीत निकामी झाली. तेव्हा पर्यायी सोय हाताशी असावी. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या सुधारणेपासून मराठी फोनेटिक कळफलक उपलब्ध आहे. इन्स्क्रिप्ट त्याआधीपासून आहेच. विंडोज व स्पेसबार या कळा एकत्र दाबल्यास भाषा बदलते, आणि ही सोय ब्राउझरपुरती मर्यादित राहत नाही. मराठी विकिपीडियावर लिहिताना कंट्रोल व एम या कळांनी तेथील अंगभूत टंकलेखन सुरू होते. त्यासाठी काहीही बसवावे लागत नाही.

साधन कोणतेही असो, अर्ज दाखल करण्यापूर्वी मराठी चौकटीतील नाव, आडनाव आणि गाव अक्षर-अक्षर वाचून पाहावे. ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडला असल्यास त्या क्षणी एक कळ दाबून दुरुस्ती होते. दाखला हाती आल्यानंतर त्याच दुरुस्तीसाठी नवा अर्ज करावा लागतो.