लॉयल्टी (आगबोट)
उतारू-बोट, युद्धकालीन रुग्णालय-नौका आणि भारतीय मालकीच्या सागरी वाहतुकीची अग्रदूत अशा तीन भूमिका बजावलेली आगबोट. मूळ नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. इंग्लंडमधील बॅरो येथे बांधलेली ही बोट १८९१ पासून कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकूव्हर, योकोहामा, हाँगकाँग या मार्गावर टपाल व उतारू नेई.

१९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली व जखमी भारतीय सैनिकांसाठी दिली. ‘लॉयल्टी’ हे राजनिष्ठ नाव तेव्हाचे. पुढे याच बोटीने ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान द्यावे, हा इतिहासाचा विनोदच! १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी ती घेतली. त्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नाव शिंद्यांवरूनच पडले. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. ही तारीख भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. बोट मात्र जुनी असल्याने फायद्याची ठरली नाही. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. कंपनीने मालवाहतुकीवर भर दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांनी उतारू-बोटींचे दूर पल्ल्याचे मार्ग घेतले.