वळिवडें येथील पोलिश वसाहत

कोल्हापुराजवळ वळिवडें म्हणून गांव आहे. इ. स. १९४३ मध्यें तेथील माळावर बराकींची एक वसाहत उभी राहिली आणि सुमारें ५,००० पोलिश निर्वासित तींत राहावयास आले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेंच होतीं.

इ. स. १९४० व १९४१ या सालीं सोव्हिएट सरकारनें पूर्व पोलंडांतील या कुटुंबांना घरांतून उठवून, मालडब्यांत कोंडून, सैबेरिया व कझाकस्तान येथें धाडलें होतें. थंडी, उपासमार आणि साथी यांत कित्येकांचीं माणसें गेलीं. १९४१ च्या करारानें सुटका झाल्यावर उरलेलीं इराणमार्गें हिंदुस्थानांत पोंचलीं. कर्ते पुरुष सैन्यांत होते, मृत होते, किंवा बेपत्ता होते.

अन्नवस्त्राची तजवीज सरकार करूं शकतें. परंतु ज्या पोरानें वाटेंतच आई गमावली, त्याच्या मनाची शुश्रूषा कोणीं करावी? वळिवड्यास ती निर्वासितांनीं आपसांतच केली. त्यांच्यांतल्याच शिक्षकांनीं शाळा चालविल्या. चर्च झालें, गायनवृंद जमले, नाटकें बसूं लागलीं. बालवीर व वीरबाला यांच्या पथकांकडे तर मुलें विशेष ओढलीं गेलीं, आणि त्यांत नवल नाहीं. पथकांत प्रत्येकाला नेमलेलें काम असतें. एक जण गैरहजर राहिला तर बाकीच्यांना चुकल्यासारखें होतें. अनाथ मुलाला यापरतें मोठें औषध कोणतें? सायंकाळीं शेकोटीभोंवतीं मायदेशचीं गाणीं होत, तेव्हां प्रत्येकाचें दुःख सर्वांच्या ओळखीचें असे. मानसोपचार हा शब्द त्यांपैकीं फारच थोड्यांनीं ऐकला असेल.

१९४५ सालीं युद्ध संपलें. पण ज्यांच्या आशेवर दिवस काढले तीं गांवेंच याल्टाच्या निर्णयानें सोव्हिएट हद्दींत गेलीं. हा घाव कोणत्याहि मंडळास भरून काढतां येण्याजोगा नव्हता. कांहीं पोलंडला परतले; पुष्कळांनीं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे देश धरले. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली.

फाळणीनंतर त्याच जागीं सिंधी निर्वासित येऊन राहिले. तेंच आजचें गांधीनगर. त्या पोलिश मुलांपैकीं कांहीं जण २०१९ सालीं वृद्धपणीं आपली जुनी जागा पाहण्यास पुनः कोल्हापुरास येऊन गेले.