पत्रा की फायबर? : एका मोटारीच्या अस्सलपणाचा इतिहास

गेल्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याचा दूरध्वनी आला. घरच्यांची खुशाली विचारून झाल्यावर तो म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर गाड्यांचे कागद तपासलेत, म्हणून तुम्हालाच विचारतो. मी आणि माझा शेजारी मिळून एक हॉट रॉड बांधतो आहोत. १९३२ च्या फोर्डच्या धाटणीची. बॉडी पत्र्याची घ्यावी की फायबरची?"

परिवहन खात्यात सारी नोकरी काढलेल्या माणसाला याचे उत्तर तोंडपाठ असणार, असे त्याला वाटले असावे. मला ते देता आले नाही. मग सवडीने वाचन केले, त्याने पाठवलेली माहितीही चाळली. त्यातून जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडतो आहे. विषय दूरदेशीचा आणि छांदिष्टांचा आहे खरा. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे अस्सल कशाला म्हणावे हा, मूळ गावापासून शेकडो कोस दूर रुजलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना अगदीच परका नाही.

प्रथम हॉट रॉड म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. एखादी जुनी, बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वीची साधी मोटार घ्यायची. तिचे मडगार्ड, पायरी आदी वजन वाढवणारे भाग उतरवायचे. वाटल्यास टप कापून बुटका करायचा आणि तिच्यात अधिक ताकदीचे इंजिन बसवायचे, हा तिचा ढोबळ आराखडा. या प्रकाराचा जन्म दक्षिण कॅलिफोर्नियात झाला. तेथील मोहावी वाळवंटात म्यूरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली विस्तीर्ण सरोवरे आहेत. त्यांचा तळ फरसबंदीसारखा सपाट. मंदीच्या काळात खिशात पैसा नसलेले तरुण भंगारातल्या गाड्या उभ्या करून तेथे वेगाच्या शर्यती लावीत. १९३७ मध्ये अशा मंडळांची एक संघटनाही स्थापन झाली.

या तरुणांचा ओढा फोर्डकडे होता, याला कारणे होती. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने मॉडेल टी जातीच्या दीड कोटीहून अधिक गाड्या काढल्या होत्या. त्यामुळे जुनी फोर्ड कोठेही मातीमोलाने मिळे. पुढे ३१ मार्च १९३२ रोजी फोर्डने व्ही-८ इंजिनाची गाडी लोकांपुढे आणली. आठ सिलिंडरांचे इंजिन तोवर श्रीमंतांच्या गाड्यांत असे. येथे ६५ अश्वशक्तीचे तसे इंजिन असलेली उघडी रोडस्टर ४६० डॉलरांत मिळू लागली. तिसरे कारण बॉडीचे. त्या काळच्या शेव्हरोलेच्या बॉडीत आत लाकडी सांगाडा असे आणि त्यावर पत्रा ठोकलेला असे. लाकूड कुजले की बॉडी खिळखिळी होई. फोर्डच्या बॉडीत लाकडाचा वापर पुष्कळ कमी, पोलादाचा अधिक. म्हणून ती टिकली आणि कापाकापीही सोसू शकली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आज ज्या १९३२ च्या पत्र्याला सोन्याचे मोल आले आहे, त्याच पत्र्यावर त्या मूळ तरुणांनी निःशंकपणे करवत चालवली. बॉडी पत्र्याची असावी असा त्यांचा आग्रह नव्हता. भंगारात पत्राच मिळत होता, इतकेच. अस्सलपणाचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नसावा.

मग महायुद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन थांबले आणि युद्धसाहित्यासाठी भंगार गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. त्यांत कितीतरी जुन्या गाड्या वितळल्या. युद्ध संपल्यावर यंत्रकाम, जोडकाम शिकलेले सैनिक घरी परतले आणि या छंदाला नवे उधाण आले. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी 'हॉट रॉड' हे मासिक काढले. १९४९ मध्ये युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाच्या चाचण्या सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय हॉट रॉड संघटना उभी राहिली. हौशी वाढले, जुन्या बॉड्या मात्र वाढणार कशा? गंजाने, अपघातांनी आणि हौशींच्याच करवतीने त्या कमी होत गेल्या.

याच सुमारास काचतंतू, म्हणजेच फायबरग्लास, मोटारीच्या अंगणात आला. काचेचे तंतू काढण्याचा उद्योग अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात उभा राहिला होता. युद्धकाळात या तंतूंना पॉलिएस्टर राळेची जोड मिळाली आणि विमानांवरील रडारची आच्छादने व पुढे नावा त्यापासून होऊ लागल्या. १९५३ मध्ये जनरल मोटर्सने फायबरग्लासच्या बॉडीची कॉर्व्हेट बाजारात आणली. पहिल्या वर्षी मिशिगनमधील फ्लिंट येथे तिच्या अवघ्या ३०० गाड्या, बहुतांशी हातकामाने, तयार झाल्या. साऱ्या पांढऱ्या रंगाच्या. त्या गाडीने लोकांच्या मनातली एक शंका फेडली. मोठमोठे प्रेस आणि पोलादी ठसे नसतानाही मोटारीची बॉडी बनवता येते, हे सर्वांना दिसले.

तिची रीत तशी साधी आहे. चांगल्या बॉडीवरून साचा काढायचा, त्याच्या आत प्रथम रंगीत राळेचा लेप द्यायचा, मग काचतंतूंच्या चटया राळेत भिजवून थरावर थर बसवायचे आणि वाळल्यावर बॉडी साच्यातून सोडवायची. हे काम एखाद्या पडवीतही होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मॉडेल टीच्या फायबर बॉड्या विकत मिळू लागल्या. १९७० मध्ये इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे रस्त्यावर चालणाऱ्या अशा गाड्यांचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटातील पिवळ्या १९३२ च्या फोर्डने तर घराघरांतील तरुणांना वेड लावले. इतक्यांना पुरेल इतका मूळ पत्रा उरलाच नव्हता. ती भूक फायबरने भागवली.

आता दोहोंचे गुणदोष पाहू. मूळ पत्रा हाती आला, तरी तो बहुधा तळाशी, दारांच्या खालच्या कडांना आणि पायांपुढच्या पडद्याच्या कोपऱ्यांत खाल्लेला असतो. तेथील पत्रा कापून नवा तुकडा जोडायचा, तापाने पीळ पडू द्यायचा नाही, पोचे काढायचे, हे काम जाणत्या डेंटरचे. त्यात महिनेच्या महिने जातात आणि मजुरी बॉडीच्या किमतीला मागे टाकते. उलट, पत्रा वाकतो, पण पुन्हा सरळ करता येतो. पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत राहण्याची ताकद त्यात आहे.

फायबर गंजत नाही, हलका असतो आणि स्वस्त पडतो. पण तो वाकत नाही, तडकतो. बिजागरीशी, कुलपाशी, जेथे भार एका ठिकाणी येतो तेथे, आतून लोखंडी नळ्यांचा आधार नसेल तर लेपावर बारीक तडे दिसू लागतात. स्वस्त बॉडीत दारांच्या फटी सारख्या नसतात. राळ पुरती पक्व होण्याआधी रंग दिला, तर काही महिन्यांनी आतल्या चटईची वीण रंगावर उमटते. ती घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांना घातक. शिवाय फायबरमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते; फायबरच्या गाडीत मात्र प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार द्यावी लागते. नवशिक्याचे दिवे लागत नाहीत ते बहुधा याचमुळे.

मी हे सारे पुतण्याला कळवले. त्यावर त्याने आणखी एक गुंता पुढे टाकला. ओहायो राज्यातील ब्रुकव्हिल या गावचा एक कारखाना जुन्या फोर्डच्या बॉड्या नव्या कोऱ्या पत्र्यात बनवतो. म्हणजे आता प्रश्न दोहोंचा नसून तिहींचा झाला : जुना पत्रा, नवा पत्रा आणि फायबर. नव्या पत्र्याची बॉडी धातूने मूळ गाडीच्या जातीची, पण वयाने कालची. तिला अस्सल म्हणायचे काय? फायबरची नक्कल आणि पत्र्याची नक्कल यांत फरक कोणता? बोटाने वाजवून पाहिल्यावर येणाऱ्या आवाजाचा?

एव्हाना माझ्या लक्षात आले होते, की त्याची खरी अडचण निराळीच असावी. पुढच्या रविवारी ती बाहेर आली. "काका, एका गृहस्थाकडे १९३२ च्या फोर्डचा मालकीचा जुना कागद आहे. गाडी केव्हाच भंगारात गेली. नव्या चासीवर तो नंबर ठोकला, की आमची गाडी कागदोपत्री १९३२ ची होईल. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना येथे धुराची तपासणी लागत नाही. बरेच जण असे करतात म्हणे."

मी काही वेळ बोललो नाही. मला माझ्या नोकरीतले एक प्रकरण आठवले. एका जीपच्या हस्तांतरणाचा अर्ज माझ्यापुढे आला होता. चासी नंबरचा पेन्सिलीने घेतलेला ठसा कागदाला जोडलेला होता आणि तो जुन्या नोंदीशी तंतोतंत जुळत होता. दिवस वर्षअखेरचे, टेबलावर अर्जांचा ढीग. मी ठसा पाहिला; गाडीपाशी जाऊन नंबर पाहिला नाही. दीड वर्षाने उघड झाले, की दुसऱ्याच चासीवर तो नंबर नव्याने ठोकलेला होता. जीप जप्त झाली. ती घेणारा एक शाळामास्तर होता; फंडातले पैसे काढून त्याने ती घेतली होती. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही, कारण नियमाप्रमाणे कागद पूर्ण होते. पण त्या कागदावरची सही माझी होती. मास्तर कार्यालयाच्या व्हरांड्यातील बाकावर बसून असत, आणि मी मागल्या दाराने घरी जात असे.

हे मी पुतण्याला प्रथमच सांगितले. घरातही कोणाला सांगितले नव्हते.

मग म्हटले, "अरे, बॉडी कशाचीही घे. नक्कल असणे हा गुन्हा नव्हे. आपल्या इंदूरच्या यशवंतराव महाराज होळकरांची ती ड्यूसेनबर्ग घे. १९३५ ची. चासी आणि इंजिन अमेरिकेचे, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. तिला कोणी दोन घरची म्हणून हिणवले नाही, कारण काय कोठले ते उघड होते. आपला राजवाडा १९८४ च्या आगीत होरपळला. पुढे त्याचा मागचा भाग चुना, वीट आणि लाकूड वापरून पुन्हा उभारला. तो नवा आहे हे साऱ्या शहराला ठाऊक आहे आणि तरीही तो राजवाडाच आहे. पण उद्या कोणी त्याच्या नव्या खांबावर जुना शिलालेख कोरला, तर तो खांब खोटा ठरेल. लाकडामुळे नव्हे, अक्षरांमुळे."

सुदैवाने कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सरळ वाटही होती. २००२ पासून तेथे खास बांधलेल्या गाड्यांसाठी दरवर्षी ५०० दाखल्यांची सोय आहे. अशा गाडीचा धूर तिची बॉडी ज्या सालच्या गाडीसारखी दिसते त्या सालच्या, किंवा तिचे इंजिन ज्या सालचे आहे त्या सालच्या निकषांवर तपासता येतो. मात्र नोंदणीत ती 'खास बांधलेली' अशीच राहते. तिला दुसऱ्या गाडीचे नाव मिळत नाही. वर्षाच्या आरंभीच हे दाखले मिळवण्यासाठी धावपळ करावी लागते. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार करू देत नाही. त्या मानाने मला तेथील ही तरतूद शहाणपणाची वाटली. छंदाला वाट दिली आहे आणि खोटेपणाची गरजही काढून घेतली आहे.

पुतण्याने तो जुना कागद घेतला नाही. बॉडी त्याने फायबरची निवडली; पैसे बेताचे, डेंटर परवडणारा नाही, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत गंजाची भीती नको, ही त्याची कारणे मला पटली. चासी नवी आहे. मध्यंतरी त्याने छायाचित्र पाठवले. गाडी अजून बिनरंगाची, राखाडी लेपातली आहे. प्रत्येक दिव्यामागून परतीची काळी तार मात्र नीट बांधून काढलेली दिसते. दाखल्याचा अर्ज तो येत्या जानेवारीत करणार आहे.

छायाचित्राखाली त्याने एकच ओळ लिहिली होती : "काका, मास्तरांचे पुढे काय झाले?"

उत्तर द्यायचे आहे. त्यांना ते पैसे परत मिळाले नाहीत, एवढे मला ठाऊक आहे. तेच लिहिणार आहे.