आप्तभाव आणि मार्गनिरपेक्षता
गटे यांच्या 1809 मधील कादंबरीचे शीर्षक रसायनशास्त्रातील ‘आप्तभाव’ या संकल्पनेवरून घेतलेले आहे. याच आप्तभावाचे माप उष्णतेत शोधताना जर्मेन हेस यांना सेंट पीटर्सबर्ग येथे 1840 मध्ये निराळाच नियम गवसला. गंधकाम्ल आधी पाण्याने विरल करून अमोनियाने उदासीन केले काय, वा थेट उदासीन केले काय, एकूण उष्णता तेवढीच भरली.

हेल्महोल्ट्झ यांनी 1847 मध्ये ऊर्जेची अक्षय्यता प्रतिपादिल्यावर त्याची मीमांसा शक्य झाली. ऊर्जा पदार्थाच्या अवस्थेची असते, मार्गाची नव्हे. अन्यथा एका वाटेने जाऊन दुसरीने परतताना शून्यातून ऊर्जा निर्माण झाली असती. कादंबरीत मात्र आरंभ आणि शेवट तेच राहूनही वाट बदलली की अर्थ बदलतो. संज्ञा उसनी घेता येते; तिचा नियम नव्हे.