नोकरीवरून काढलं, तर सुनावणीत कामगाराची बाजू कोण मांडू शकतं?

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी आहेत, सिमेंट कारखाने आहेत, बल्लारपूरची पेपर मिल आणि महाऔष्णिक वीज केंद्र आहे. गडचिरोलीत सुरजागडची लोहखाण आहे. दोन्ही जिल्ह्यांत वन विभागाची रोपवनं, रोपवाटिका आणि जाळरेषांची कामं रोजंदारी मजूर करतात. यातली अनेक कामं तोंडी सांगण्यावर मिळतात आणि ‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्या वाक्यावर जातात.

अशा वेळी पहिला प्रश्न पडतो तो वकिलाचा. वकील करावाच लागतो का? पैसे नसतील तर? आणि कंपनीनं मोठा वकील आणला तर?

वकिलाशिवाय लढता येतं का?

हो. कामगार स्वतः बाजू मांडू शकतो. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी त्याच्या वतीनं उभा राहू शकतो. कामगार युनियनचा सदस्य नसेल, तर त्याच उद्योगातल्या युनियनचा पदाधिकारी किंवा तिथलाच दुसरा कामगार हे काम करू शकतो. त्यासाठी लेखी अधिकारपत्र द्यावं लागतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ च्या कायद्याची जागा तिनं घेतली. प्रतिनिधित्वाची ही चौकट मात्र संहितेतही कायम आहे.

मग वकिलांवर बंदी आहे का?

टप्प्यानुसार उत्तर बदलतं.

समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे तडजोडीच्या टप्प्यावर, कोणत्याही बाजूला वकील देता येत नाही. पुढे कामगार न्यायालय किंवा न्यायाधिकरणात वकील देता येतो, पण दोन अटींवर. समोरच्या बाजूची संमती हवी आणि न्यायालयाची परवानगी हवी.

यामागचा हेतू साधा आहे. महागड्या वकिलांच्या जोरावर कंपनीनं प्रकरण लांबवू नये आणि कामगाराला बरोबरीनं बोलता यावं.

पण यात एक पळवाट आहे. पारादीप पोर्ट ट्रस्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये सांगितलं की, वकील असलेली व्यक्ती युनियनची किंवा मालक संघटनेची खरोखर पदाधिकारी असेल, तर तिला त्या नात्यानं उभं राहता येतं. कंपनीचा नियमित पगारी कायदा अधिकारीही येऊ शकतो. बाहेरच्या वकिलाला केवळ मुखत्यारपत्र देऊन ही अट टाळता येत नाही.

कंपनीच्या वकिलाला विरोध करायचा असेल, तर तो पहिल्याच तारखेला लेखी नोंदवणं महत्त्वाचं. कामगार गप्प राहिला, तर त्याची मूक संमती होती असं मानलं जाऊ शकतं.

कंपनीच्या आतल्या चौकशीत काय?

बडतर्फीआधी होणाऱ्या खातेनिहाय चौकशीत वकील मिळण्याचा सरसकट हक्क नाही. स्थायी आदेशांत तरतूद असेल, तर सहकारी किंवा युनियन पदाधिकारी सोबत घेता येतो. मात्र मुंबई पोर्टच्या एका प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, व्यवस्थापनानं कायद्याचं शिक्षण घेतलेले अधिकारी उभे केले असतील, तर कर्मचाऱ्याला वकील नाकारणं न्याय्य नाही.

वनमजुरांना हे लागू होतं का?

वन विभाग हा ‘उद्योग’ नाही, असा बचाव सरकारनं पूर्वी घेतला आहे. पुण्याजवळच्या पाचगाव पर्वती इथल्या कामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९५ मध्ये तो फेटाळला. मजुरांना वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायम कामगाराचे लाभ नाकारणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली.

खरी अडचण पुराव्याची असते. कपातीची एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई मिळण्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम दाखवावं लागतं. खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यांसाठी ही मर्यादा १९० दिवसांची आहे.

कर्नाटक वन विभागाच्या एका प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, नुसतं शपथपत्र पुरेसं नाही. हे दिवस सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी कामगाराची आहे. म्हणून हजेरीपट (मस्टर) आणि पगारपत्रक न्यायालयात हजर करण्याचा आदेश मागणारा अर्ज वेळेत देणं हे प्रतिनिधीचं सर्वांत मोठं काम. बँक पासबुकातल्या नोंदी, ओळखपत्र आणि गेट पासही उपयोगी पडतात.

कोणाकडे जायचं, किती दिवसांत?

कोळसा आणि लोहखाणीतले वाद केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जातात. केंद्राचं औद्योगिक न्यायाधिकरण नागपूरला आहे. वन विभाग, पेपर मिल आणि बहुतेक खासगी आस्थापनांसाठी राज्याचं कामगार कार्यालय.

समेटासाठी संहितेत २ वर्षांची मुदत आहे. समेट फसला, तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविषयीचा कायदा हा वेगळा मार्ग आहे. त्यात घटनेपासून ९० दिवसांत तक्रार करावी लागते. उशिराचं सबळ कारण असेल, तर न्यायालय सूट देऊ शकतं. ठेकेदारी कामगारांनी मात्र इथं सावध राहावं. ‘हा आमचा कामगारच नाही’ असं मूळ कंपनी म्हणत असेल, तर या कायद्याखाली तक्रार टिकत नाही, असं २००१ मध्ये सिप्ला प्रकरणात ठरलं. चुकीच्या दारात गेल्यानं अनेक वर्षं वाया जाऊ शकतात, म्हणून पहिला सल्ला योग्य माणसाचा हवा.

फी परवडत नसेल तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकिलाचा हक्क कोणाला, याची यादी आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातीचे लोक, महिला, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार येतात. या गटांना उत्पन्नाची अट नाही. गडचिरोलीतल्या गोंड किंवा माडिया मजुराला जातीच्या दाखल्यावरही हा हक्क मिळतो.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत करता येतो. सिरोंच्यापासून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे. त्यामुळे आधी तालुक्याला चौकशी करणं किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करणं सोयीचं.

मोफत वकील मिळाला तरी संमती आणि परवानगीची अट सुटत नाही. पण अर्ज लिहिणं, मुदत सांभाळणं, हजेरीपट मागवणं आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेल्यास तिथं उभं राहणं, यासाठी तो लागतोच.

आणि मुदत कामावरून काढल्याच्या दिवसापासून मोजली जाते. साहेब पुन्हा बोलावतील, या आशेवर गेलेले महिनेही त्यात धरले जातात.