भट्टींतला टाकाऊ वायु

भट्टीच्या सांडपाण्यांतून हायड्रोजन काढून त्यावर यंत्रें चालवावींत, ही कल्पना आज अगदीं नवी म्हणून सांगितली जाते. तिचें मूळ मात्र शंभर वर्षांहून जुनें असून तें तोफांच्या दारूंत सांपडतें.

पहिल्या महायुद्धांत कॉर्डाइट नांवाची दारू बनविण्यास लागणाऱ्या ॲसिटोनची ब्रिटनमध्यें टंचाई पडली. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ वाइझमान यांनीं एक जंतु हुडकला होता. मक्याच्या लापशींत तो सोडला म्हणजे ॲसिटोन व ब्यूटॅनॉल तयार होई. १९१६ सालीं लंडनमधील निकल्सन यांच्या जिनच्या भट्टींत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, आणि लौकरच इतर भट्ट्याही या कामाला जुंपण्यांत आल्या. १९१७ सालीं तर धान्य वांचविण्यासाठीं शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटचीं फळें गोळा करविलीं!

साध्या मद्याच्या आंबण्यांत केवळ कार्बन डायऑक्साइड निघतो. या जंतूच्या पिंपांतून उसळणाऱ्या वायूंत मात्र शेंकडा ४० च्या सुमारास हायड्रोजन असे. युद्धाच्या घाईंत हवें होतें तें ॲसिटोन. हायड्रोजन हें केवळ आनुषंगिक फळ.

युद्ध संपलें, आणि १९२० पासून अमेरिकेंत दारूबंदी अमलांत आली. टेरे होट येथील एक भट्टी कमर्शियल सॉल्व्हंट्स कंपनीच्या हातीं गेली. मोटारींच्या रोगणासाठीं आतां ब्यूटॅनॉलला भाव आला होता. याच कंपनीनें १९२७ सालीं पिओरिया येथें पिंपांतील दोन्ही वायूंचा दाबाखालीं संयोग घडवून मेथॅनॉल काढण्यास आरंभ केला. टाकाऊ वायूचें सोनें झालें तें असें. पुढें खनिज तेलापासून हींच द्रव्यें स्वस्त मिळूं लागलीं व जंतूंचे कारखाने एकेक करून बंद पडले.

महाराष्ट्रांत उसाच्या मळीपासून एक लिटर मद्यार्क काढतांना साधारणपणें ८ ते १५ लिटर काळपट सांडपाणी निघतें; तें नदींत गेल्यास पाण्यांतील प्राणवायु संपून मासे मरतात. यांतून मिथेन काढून बॉयलरखालीं जाळण्याची रीत रूढ आहे. हायड्रोजन देणारे जंतूही यावर जगतात. परंतु साखरेच्या एका रेणूमागें हायड्रोजनचे फार तर ४ रेणू हातीं येतात. उरलेला अंश आम्लांच्या रूपानें पाण्यांतच राहतो. म्हणून हायड्रोजननेंच नदी शुद्ध होईल असें म्हणणें अतिशयोक्तीचें आहे. त्या पिंपामागें मिथेनचें दुसरें पिंप ठेवावेंच लागतें. शिवाय पिओरियाला हायड्रोजन ब्यूटॅनॉलच्या जोडीनें फुकट मिळत होता. येथें त्याला आपल्या पिंपाचा खर्च स्वतःच भागवावा लागणार आहे.