हांक आणि कान

एखाद्या समाजाची नीतिमत्ता त्याच्या धर्मग्रंथांवरून ठरवावी, कीं संकटांत सांपडलेल्या स्त्रीला तो कोणत्या दारापाशीं नेऊन उभी करतो यावरून ठरवावी, असें कोणी विचारल्यास आम्ही दुसरी कसोटी अधिक खरी मानूं. बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रीला मिळणाऱ्या साहाय्याचा इतिहास फार जुना नाहीं. त्यामागील प्रश्न मात्र अतिप्राचीन आहे.

यहुदी नियमशास्त्राच्या पांचव्या ग्रंथांत, बाविसाव्या अध्यायांत, वाग्दत्त कन्येविषयीं एक नियम सांगितला आहे. अत्याचार नगरांत घडला आणि तिनें आरोळी मारली नाहीं, तर तीहि दोषी. रानांत घडला, तर ती निर्दोष. कारण रानांत ती ओरडली असली तरी सोडविण्यास कोण येणार? नियमाचा पूर्वार्ध आज कोणासही क्रूर वाटेल. परंतु उत्तरार्धांत एक मोठें तत्त्व आहे: जेथें ऐकणारा नाहीं, तेथें स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवावा. पुढील भाष्यकारांनीं तर नगर कीं रान हें गौण मानून, साहाय्य मिळण्याचा संभव होता कीं नव्हता, हेंच पाहावें असा अर्थ लावला.

हा ग्रंथ महाराष्ट्राला परका नाहीं. कुलाब्याच्या किनाऱ्यावर तेल गाळणारे, शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेलेले बेने इस्राएल लोक मराठीच बोलत आले. त्यांचें मुंबईंतील पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालचें. त्यांच्या स्त्रियांचें ‘स्त्री मंडळ’ १९१३ सालचें. याच समाजांतील डॉ. जेरुशा झिराड यांनीं १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. लाजेनें ज्या व्यथा पुरुष वैद्यापुढें उच्चारल्या जात नसत, त्या तेथें स्त्रीवैद्यापुढें बोलतां येऊं लागल्या. परंतु रुग्णालयानें देहाचे व्रण पाहिले, तरी चौकीवर आणि न्यायासनापुढें तिच्या बाजूनें उभें राहणारें कोणी नव्हतें.

त्या उणिवेचें फळ १९७२ सालच्या मार्चमध्यें दिसलें. तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांतच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानें आरोपी पोलिसांना सोडलें, नागपूरच्या उच्च न्यायपीठानें दोषी ठरविलें, आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सोडून दिलें. अंगावर जखमा नाहींत, प्रतिकाराच्या खुणा नाहींत, तेव्हां संमति असावी, असा निकालाचा रोख होता. म्हणजे जुन्या नियमाचा कठोर पूर्वार्ध तेवढा लागू झाला. जेथें रक्षकच भक्षक, तें ठाणें नगरांत असूनहि रानच होय, हें ध्यानांत आलें नाहीं. १९७९ सालीं उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलें, आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या.

१९८३ च्या दुरुस्तीनें, कोठडींतील स्त्री संमति नव्हती असें सांगेल तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, असें ठरलें. पीडितेचें नांव छापण्यासहि बंदी आली. या लेखांत त्या मुलीचें नांव नाहीं, तें याच मर्यादेस अनुसरून. पुढें २०१३ च्या कायद्यानें, शरीरानें प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून संमति मानूं नये, असें स्पष्टच लिहिलें.

कायद्याबरोबर माणसेंहि उभीं राहिलीं. १९८४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेनें मुंबई पोलिसांच्या मुख्य कचेरींतच स्त्रियांसाठीं विशेष कक्ष उघडला. २००० सालीं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत महानगरपालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनीं ‘दिलासा’ केंद्र काढलें. २०१३ पासून सर्व रुग्णालयांनीं विनामूल्य उपचार देणें बंधनकारक झालें. २०२४ सालीं लागू झालेल्या नव्या संहितेंतहि तें कायम आहे. राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेनें अर्थसाहाय्याची सोय केली.

मग यहुदी स्त्रीला निराळें साहाय्य कशाला? याचें उत्तर समाजाच्या आकारांत आहे. १९५१ सालीं भारतांत सुमारें सव्वीस हजार असलेले यहुदी २०११ च्या गणनेंत साडेचार हजारांवर आले. जेथें प्रत्येक घर दुसऱ्याचें आप्त, तेथें बोलणाऱ्या स्त्रीला दोन भयें: घरचे लोक काय म्हणतील, आणि परके आपल्या सबंध समाजाला काय म्हणतील. म्हणून ब्रिटनमधील ‘ज्युइश विमेन्स एड’ या संस्थेनें अशा स्त्रियांसाठीं जी शाखा काढली, तिला ‘दीना’ हें नांव दिलें. याकोबाच्या या कन्येवर अत्याचार झाल्याची कथा उत्पत्तीच्या ग्रंथांत आहे. तींत बाप आणि भाऊ बोलतात, भाऊ सूड उगवितात, परंतु दीनेच्या तोंडीं एक शब्दहि नाहीं. इस्राएलांत १९७८ सालीं तेल अवीव येथें पहिलें साहाय्य केंद्र निघालें. आज ज्या देशांत बेने इस्राएलांचीं बहुसंख्य घरें आहेत, तेथें ही सोय आहे.

तीच उणीव आमच्या जवळ कोठें आहे, हें पाहूं जातां दृष्टि जव्हार-मोखाड्याकडे वळते. यांपैकीं जव्हार १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. या डोंगराळ प्रदेशांत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांचे विखुरलेले पाडे आहेत. पावसाळा सरला कीं कित्येक कुटुंबें भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. तेथें आप्त दूर, उचल मालकाची, आणि चौकींतली भाषा आपल्या बोलीहून वेगळी. लंडनची यहुदी स्त्री गजबजलेल्या समाजामुळें गप्प राहते, कातकरी स्त्री निर्जनतेमुळें. दोघींना हवें असतें तें एकच: तिच्या भाषेंत, तिच्या रीतीभाती जाणून, न्याय न करतां ऐकणारें विश्वासू माणूस. शासनाच्या योजना कागदावर सर्वत्र सारख्याच आहेत. पण पाड्यापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर कोणी बरोबर चालणारें नसेल, तर त्या तिच्यापर्यंत पोंचत नाहींत.

तिनें हांक मारली होती काय, हें शतकानुशतकें विचारून झालें. आम्ही ऐकण्याजोग्या अंतरावर होतों काय, याचें उत्तर आतां समाजानें द्यावयाचें आहे.